धोंड्यांच्या भाकरी

आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, नाताळ अंक निघतो. चाळीसेक पानं, मधे दोन पिना, मुखपृष्ठावर दरवर्षी तोच तारा. गेल्या जूनमध्ये सिस्टरांचा फोन आला. सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत. दवाखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या नर्सबाई, आणि निवृत्तीनंतर आमच्या अंकाच्या संपादक. "यंदा कविता नको," त्या म्हणाल्या. "कविता पोत्यानं येतात. तू कथा दे. मोहाची आणि विश्वासाची. आठ पानं धरून चाल."

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पाच-सहा कथा इकडे-तिकडे छापून आल्या आहेत, पण ख्रिस्ती म्हणावी अशी त्यात एकही नाही. नगरमध्ये राहणारी, पिठलं-भाकरी खाणारी, नाताळाला करंज्या-चकल्या करणारी ख्रिस्ती माणसं माझ्या आजूबाजूला ढिगानं आहेत. लिहायला बसलं की ती कुठं जातात कोण जाणे. मालिकेतल्या ख्रिस्ती माणसाच्या हातात गिटार आणि बोलण्यात गोव्याचा हेल असतोच. आमच्याकडे पेटी-तबला असतो आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. तेव्हा सिस्टरांना हो म्हणताना मनात एवढंच होतं की चला, निदान आपली माणसं कागदावर येतील. मोहाचं आणि विश्वासाचं बघता येईल मग.

पहिला खर्डा दहा दिवसांत झाला. एसटीतला एक कंडक्टर, त्याला दारू आणि पत्ते लावणारा मित्र, घरात रडणारी बायको, अपघात, दवाखान्यातली रात्र, पहाटे चर्चची घंटा, गुडघे टेकलेला कंडक्टर. मला स्वतःला वाचताना डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

सिस्टरांनी कागद परत दिले तेव्हा समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं होतं: "हा मोह कुणाचा?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"तू कधी दारू प्यालीस? पत्ते खेळलीस? मग त्यात काय गोड लागतं ते तुला कसं कळणार? तुझ्या कथेत दारू पहिल्या घोटापासून कडूच आहे. मग तो पितो कशाला?" मग चष्मा काढून म्हणाल्या, "आणि भुलवणारा दिगंबर, वाचवणारा सॅम्युएल. असं का गं? आपल्यातले भुलवत नाहीत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नावं मी ठरवून ठेवली नव्हती, आपोआप आली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

घरी येऊन जुने नाताळ अंक काढले. बहुतेक कथांत शेवटच्या पानावर घंटा वाजतेच. वाटलं, ही खोड आपली एकटीची नाही, घराण्याची आहे. मराठीत ख्रिस्ती गोष्ट आली तीच मुळी कीर्तनकाराच्या खांद्यावर बसून. १८४१ साली हरि केशवजींनी जॉन बन्यनचं यात्रेकरूचं रूपक 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव अजून घेतलं जातं. म्हणजे आपल्या कादंबरीचा नारळ एका ख्रिस्ती माणसानं फोडला, हे मी वर्गात मुलांना दरवर्षी मोठ्या अभिमानानं सांगत असे. पण बन्यनच्या रूपकात भुलवणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर त्याचं नाव लिहिलेलं असतं. कोण कोण आहे ते वाचकाला लांबूनच दिसतं. आणि पदमनजींच्या पुस्तकात यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत एकेक विधवा भेटते आणि आपली हकीकत सांगते. आज पुन्हा वाचताना त्या बायकांच्या हकीकतींपाशी मी थांबले आणि उपदेशाच्या पानांवरून बोट फिरवत पुढे गेले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या लेखकाचं जे मी उडवते तेच स्वतः लिहून वर रडतेय, हे कळल्यावर कंडक्टरची कथा मी माळ्यावर टाकली.

मग जिथून सुरुवात करायला हवी होती तिथून केली. बायबलातला मत्तयचा चौथा अध्याय काढला, रानात उपाशी येशूला सैतान मोह घालतो तो. लूकचाही चौथाच. दोघांकडे तीन मोह आहेत, फक्त दुसरा आणि तिसरा यांची अदलाबदल. मार्क दोन वचनांत गोष्ट संपवतो, वर रानातल्या पशूंचा उल्लेख करतो, पण सैतान काय म्हणाला ते सांगतच नाही. लहानपणापासून हे पाठ, त्यामुळे कधी नीट वाचलंच नव्हतं. आता कथालेखकाच्या नजरेनं बघितलं तर जाणवलं की या प्रसंगात सैतान एकदाही घाणेरडं काही बोलत नाही. शिंगं नाहीत, दारूची बाटली नाही. भुकेल्याला म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. दुसऱ्या वेळी तर चक्क स्तोत्र म्हणून दाखवतो. एक्क्याण्णवावं, देवदूत तुला हातांवर झेलतील ते. ते स्तोत्र काढून पुढं वाचलं. लगेच पुढच्या वचनात सिंह आणि साप पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. म्हणजे जिथं सापाला तुडवायची वेळ येते, बरोबर तिथंच पठ्ठ्या थांबला! हे माझ्या आधी कितीतरी जणांच्या लक्षात आलं असणार, पण मला त्या रात्री सापडलं आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसले.

आईला मोतीबिंदूनंतर वाचता येत नाही. रात्री मी तिला एक अध्याय वाचून दाखवते. त्या आठवड्यात साहजिकच मत्तय चार.

धोंड्यांच्या भाकरीपाशी तिनं मला थांबवलं. "त्यात काय वंगाळ सांगितलं त्यानं? चाळीस दिस उपाशी माणूस. खा म्हनला ना भाकरी करून?"

"अगं, पण..."

"पण काय. बाहत्तरला आम्ही तेच केलं. धोंड्याच्याच भाकरी केल्या."

माझं वय तेव्हा पाच. दुष्काळाची आठवण माझ्याकडे धूसर आहे: सुकडीचा गोडसर वास, लाल मिलो ज्वारीची चिरा पडणारी भाकरी, आणि आईच्या हाताला चिंधी बांधलेली. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मोठा धोंडा, त्याचे लहान धोंडे, त्याची खडी, खडीचं माप, मापाचा पगार, पगाराची मिलो. धोंड्याची भाकरी व्हायला आठवडा लागायचा, एवढाच काय तो फरक.

मला यात दुसरंही काही टोचत होतं. शाळेत असताना "पोटासाठी बाटले" हे आम्हाला ऐकवलं जायचं. माझे पणजोबा १९००च्या आसपासच्या दुष्काळात ख्रिस्ती झाले. भाकरी आधी मिळाली की विश्वास, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी काढला नाही, पण बाहेरचे हटकून काढतात. तेव्हा मराठी ख्रिस्ती माणसानं भाकरीच्या मोहावर कथा लिहायची म्हणजे हा टोमणा आधीपासून खोलीत येऊन बसलेलाच असतो. त्याला उत्तर द्यायला गेलं की कथा पुन्हा वकिली होणार. मी ठरवलं, उत्तर द्यायचं नाही, पण भूक लपवायचीही नाही.

आई थोडा वेळ गप्प बसली. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाली, "मुकादम म्हनायचा, घरात बसलेल्याचं बी नाव मस्टरवर लावतो. पगार निम्मा तुमचा, निम्मा माझा. आता तू सांग, तिथं भाकर वाईट का मस्टर वाईट?"

"तू लावलंस का कुणाचं?"

"तुझंच लावलं. दोन हप्ते."

पाच वर्षांची मी सरकारी कागदावर खडी फोडत होते, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

"मग?"

"मग तुला ताप भरला. उतरंना. मला वाटलं, पोरीचं नाव खोट्या कागदावर चढवलंय म्हणून. जाऊन काढायला लावलं." तिनं पांघरूण ओढलं. "मुकादम हसला. म्हनला, देव काय मस्टर वाचतो का."

देव असा ताप देत नाही, हे मी रविवारच्या कुठल्याही शब्बाथशाळेत सांगेन. पण त्या रात्री कंडक्टर, दिगंबर, सॅम्युएल सगळे एकदम पुठ्ठ्याचे वाटायला लागले. सिस्टरांचा पेन्सिलीतला प्रश्न पुन्हा समोर आला, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे सोळा वर्षांपासून होतं.

ऑक्टोबर २००९. मी तेव्हा महिला मंडळाची खजिनदार. कापणीचा सण नुकताच झालेला. आमच्याकडे त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं काय काय घेऊन येतात, बाजरी, भोपळे, कोंबड्या, अंडी, आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. त्या वर्षी एक भोपळा चारशेला गेला होता, कारण दोन चुलतभावांत जुंपली. लिलावाचे आणि वर्गणीचे मिळून अठरा हजारांच्या वर रुपये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा माझ्या कपाटात. सोमवारी बँकेत भरायचे. शनिवारी रात्री आमच्या ह्यांचं पोट दुखायला लागलं, आतड्याला पीळ पडलेला, डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन. सकाळपर्यंत वीस हजार भरा.

घरात पाच होते.

रात्री अडीचला मी घरी येऊन डबा उघडला. चटईवर नोटा पसरल्या. मला त्यातली जवळजवळ प्रत्येक नोट ओळखू येत होती. काडेपेटीएवढी घडी घातलेली, मिश्रीचा वास येणारी विसाची नोट अंडी विकणाऱ्या म्हातारीची. कोऱ्या पाचशेच्या नोटा बँकेत नोकरीला असलेल्या बाईंच्या. मी मोठ्या नोटा काढल्या, पंधरा हजार. लहान नोटा परत डब्यात ठेवल्या. म्हणजे गरिबांच्या पैशाला मी हात लावला नाही! हा हिशेब मी त्या रात्री अडीच वाजता मांडला आणि तो मला पटलासुद्धा. डब्याचं झाकण लावताना तोंडानं तेविसावं स्तोत्र चालू होतं: परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.

ऑपरेशन नीट झालं. पुढच्याच्या पुढच्या रविवारी मी उपकारस्तुतीचं पाकीट टाकलं. आमच्यात कुणी पास झालं, कुणी बरं झालं, की पाकिटात पैसे आणि चिठ्ठी घालून देतात. पाळकसाहेब चिठ्ठी वाचून दाखवतात. माझी चिठ्ठी होती: पतीचे ऑपरेशन यशस्वी झाले व देवाने वेळेवर पैशाची सोय केली म्हणून उपकारस्तुती, रुपये ५०१. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. तेव्हा डब्यात पंधरा हजारांचा खड्डा तसाच होता. तेवीस दिवसांनी माझी भिशी लागली, मी पैसे परत ठेवले, बँकेत भरले, वहीत नोंद केली. हिशेब पैशाला पैसा जुळला. कुणाचं काही नुकसान झालं नाही.

हे लिहायचं ठरवल्यावर आठवडाभर लिहवेना. मग नायिकेला नाव दिलं. आधी मार्था ठेवलं होतं; मार्था म्हटलं की वाचक लगेच लूकच्या दहाव्या अध्यायात, घरकामात बुडालेल्या मार्थापाशी, जाऊन बसतो. म्हणून सुलोचना. सुलोचना झाल्यावर ती जरा माझ्यापासून लांब उभी राहिली आणि मला दिसायला लागली.

दुसरा खर्डा चौदा पानांचा झाला. सिस्टरांनी चहा ठेवला आणि समोर बसूनच वाचला. दवाखान्याच्या चुका आधी काढल्या: "ऑपरेशनच्या आधी पेशंटला चहा पाजलास? मारतेस का त्याला?" मग म्हणाल्या, "चोरीपर्यंत चांगलं आहे. पण तू तिची वकील झालीस. दर दोन ओळींनी 'इलाज नव्हता'. खरंच नव्हता का?"

"रात्री अडीचला कोण देणार पैसे?"

"तू सांग. कथा तुझी आहे."

सिस्टर काही जाणून बोलल्या की नुसत्या अंदाजानं, मला अजून कळलेलं नाही. पण घरी चालत येताना, बाजारपेठेत एका सराफाच्या पाटीखाली, मला माझ्या नणंदेच्या पाटल्या आठवल्या.

वन्सं आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायच्या. त्यांच्या हातात सोन्याच्या दोन पाटल्या असत. त्या वर्षी सासूबाईंच्या भांड्यांवरून आमचं बोलणं बंद होतं. तांब्याचा एक बंब आणि दोन पातेली, त्यावरून आठ महिने अबोला. मी त्यांना रात्री उठवून "वन्सं, तुमच्या भावासाठी पाटल्या द्या" म्हटलं असतं तर त्यांनी दिल्या असत्या. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. दवाखान्यातून घरी येताना रिक्षा त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून गेली आणि मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं नाही.

म्हणजे पैशाचा मोह मला झालाच नव्हता. नणंदेच्या दारात उभं न राहण्याचा झाला होता. पंधरा हजारांत मी ते विकत घेतलं.

तिसरा खर्डा याच जागेवरून लिहिला. 'इलाज नव्हता' सगळीकडून काढून टाकलं. रिक्षा गल्लीपाशी येते तो प्रसंग आधी चार ओळींचा होता, तो दीड पानाचा केला: बंद दुकानं, कुत्री, मीटरचा आवाज, सुलोचनाच्या मनात बंबाचा चकाकणारा नळ. तिचं स्तोत्र ठेवलं, पण ते कुठं थांबतं याकडे लक्ष दिलं. ती पहिलं वचन म्हणते, दुसरं म्हणते, आणि तिसऱ्यात 'नीतिमार्गांनी' हा शब्द येण्याआधी डब्याचं झाकण लागतं. वाचणाऱ्यातल्या ज्याला स्तोत्र पाठ आहे त्याला कळेल, नाही त्याला नाही. कथेत सैतान कुठंच आणला नाही. लागलाच नाही.

शीर्षकानं मात्र छळलं. आधी 'परीक्षा' ठेवलं. मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" असंच आहे. पण शिक्षिकेनं 'परीक्षा' नावाची कथा लिहिली की लोकांना सुपरव्हिजन आठवणार. 'मोह' म्हटलं की लगेच साडी नाहीतर बाई डोळ्यांपुढं येते. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीला एकच शब्द, पेइरास्मोस. आपल्याकडे दोन, आणि याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात दोन्ही शेजारी-शेजारी येतात: परीक्षा होत असता देवाने मला मोहात घातले असं कुणी म्हणू नये. परीक्षा कुणी घ्यायची आणि मोहात कुणी पाडायचं, हा घोळ फक्त आमचाच नाही. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इटालियन प्रार्थनेतली ती ओळ बदलायला मान्यता दिली, 'मोहात नेऊ नकोस'च्या जागी 'मोहाच्या हाती सोडू नकोस' अशा अर्थाची. मी दोन्ही शब्द सोडले आणि वर लिहिलं 'डबा'.

राहिला शेवट. तीन लिहून फाडले. एकात सुलोचना पकडली जाते. पण मग ती भीतीनं कबूल करते, त्यात काय. एकात दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचं पाकीट येतं, बरोबर पंधरा हजारांचं. ते लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटली. तिसऱ्यात ती भर उपासनेत उठून साक्ष देते आणि सगळे रडतात. हा शेवट मोठा गोंडस होता. फक्त मी सोळा वर्षांत असं काही केलेलं नव्हतं, आणि जे आपल्याला जमलं नाही ते तिच्याकडून करून घ्यायचं हा मला आळशीपणा वाटला. शेवटी उपकारस्तुतीच्या चिठ्ठीवर थांबले. पाळक चिठ्ठी वाचतात, सगळे आमेन म्हणतात, सुलोचनाही म्हणते, आणि तिच्या शेजारी बसलेली म्हातारी मिश्रीचा वास येणारी विसाची नोट काडेपेटीएवढी घडी घालून थैलीत टाकते. संपलं.

पाळकसाहेबांना ते चाललं नाही. अंक छापायच्या आधी ते सगळं वाचतात. मला ऑफिसात बोलावलं. "सलाम, बाई. बसा. कथा उत्तम आहे. पण पश्चात्ताप कुठाय? वाचणाऱ्याला अंधारात सोडून देता का?"

मी म्हटलं, "साहेब, मार्कचं शुभवर्तमान जुन्या हस्तलिखितांत कुठं संपतं?"

ते हसले. सोळाव्या अध्यायाचं आठवं वचन. कबर रिकामी, बाया पळाल्या, आणि घाबरल्यामुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. "ते मार्कला शोभतं," ते म्हणाले. "तुम्ही मार्क नाही."

"नाही. मी त्या बायांपैकी."

ते जरा वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग त्यांची खरी काळजी बाहेर आली. लोक म्हणतील आपल्या मंडळीत पैसे खातात. आधीच हिशेबावरून पंचांत कुरबुरी. ती काळजी खोटी नव्हती, मी वाद घातला नाही. शेवटी ठरलं की खाली 'कथा पूर्णपणे काल्पनिक आहे' अशी ओळ घालायची. मी मान हलवली. तीही एक सही झाली माझी खोट्या कागदावर.

नाताळच्या आधी महिला मंडळात कथा वाचली. पंधरा-वीस बायका, सतरंजी, चिवड्याच्या प्लेटा. वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण म्हणाली, "तिनं ठेवले का गं पैसे परत?" दुसरी म्हणाली, "ठेवले असणार, ती काही चोर नव्हती." त्यावर तिसरी, "चोर नव्हती तर काय होती मग?" आणि अर्धा तास त्याच्यावरच रंगलं, चिवडा संपला तरी. मी सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत बसले होते. "हे खरं घडलंय का?" असं आत्ताच्या खजिनदार मुलीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "काल्पनिक आहे. खाली लिहिलंय."

आईला मात्र त्याच रात्री सगळं सांगितलं. वाचूनही दाखवलं, आणि मग ही मीच असंही सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"डबा हलका लागत होता," ती म्हणाली.

त्या ऑक्टोबरात ती माझ्याकडेच राहायला होती, मुलांना सांभाळायला. कपाट आवरताना तिनं डबा उचलला होता.

"मग बोलली का नाहीस?"

"तू ठेवशील म्हाईत होतं."

"आणि नसते ठेवले तर?"

"तर बोलले असते." तिनं कूस बदलली. "दिवा घालव आता."

अंक नाताळच्या आठवड्यात वाटला गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी वन्संचा फोन. आमचा अबोला कधीच मिटलाय, बंब अजून त्यांच्याकडेच आहे. त्यांनी ह्यांच्या तब्येतीचं विचारलं, अनारसे बिघडल्याचं सांगितलं, मग म्हणाल्या, "तुझी कथा वाचली."

"हो का?"

"त्या सुलोचनाच्या नणंदेकडे पाटल्या होत्या असं लिहिलंयस."

"कथा आहे ती, वन्सं."

"कथाच गं, वाचलंय मी खाली." त्या थांबल्या. "पाटल्या मी त्या वर्षी जूनमध्येच मोडल्या होत्या. पोराच्या फीसाठी. तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं, हातात नुसत्या खोट्या घालत होते." पुन्हा थांबल्या. पलीकडं कुणीतरी कुकर लावल्याचा आवाज येत होता. "पण आले असते मी. रात्रभर बसले असते तुझ्याजवळ, तिथं बाकड्यावर."